कोणत्या वेळी खेळता येणार नाही?

(कशेडी येथे शिक्षक आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



कशेडीला बोलावलंत, बरं वाटलं. पूर्वी हा घाट चढायचा म्हणजे एसटीतल्या निम्म्या मुलांच्या पोटात ढवळायचं. आमचा संघ खेडच्या बाजूला सामना खेळायला निघाला की भांडण कोण चढाई करणार यावरून नसायचं, खिडकीत कोण बसणार यावरून असायचं. आता बोगदा झाला. मुलं झोपेतच रत्नागिरी जिल्ह्यात पोचतात.

मी वक्ता नाही. ३१ वर्षं पीटीचा सर होतो. त्यातली ९ वर्षं तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक मी बनवायचो. कुठला तालुका, कुठल्या शाळा, ते सांगत नाही. चूक माझी होती, त्यात दुसऱ्यांची नावं कशाला? मला विषय दिलाय तो शाळेच्या स्पर्धा आणि धर्माने पाळायचे वार. या विषयावर आपल्याकडे तक्रारीच्या सुरात बोलायची पद्धत आहे. आज माझी एकच तक्रार आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

पहिली गोष्ट शनिवारची.

नववीतली एक मुलगी आठशे मीटर धावायची. पाय लांब, श्वास शांत, शेवटच्या दीडशे मीटरला वेग वाढवायची. वडील एमआयडीसीत नोकरीला, घर ख्रिस्ती. पण रविवारवाले ख्रिस्ती नव्हेत, शनिवारवाले. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात त्यांना. पुण्यात औंधजवळ त्यांचं स्पायसर नावाचं जुनं कॉलेज आहे, काहींनी ऐकलं असेल. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्यांचा सब्बाथ. त्या वेळात नोकरी नाही, खरेदी-विक्री नाही, शर्यत नाही. आणि आमच्या मैदानी स्पर्धा कायम शनिवारी. का, तर शनिवारी सकाळची शाळा, तास कमी बुडतात.

वडील पत्र घेऊन आले. पत्रात मागणी अशी नव्हतीच. सोमवार ते गुरुवार कधीही चालेल, शुक्रवारी दुपारी चालेल, रविवारी चालेल, पहाटे सहाला म्हणालात तरी मुलीला घेऊन येतो, असं लिहिलं होतं. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणालो, "साहेब, एका मुलीसाठी तालुका हलवता येत नाही." हे वाक्य मला तेव्हा फार कडक आणि न्यायाचं वाटलं होतं.

आता हिशेब ऐका. त्या गटात आठशे मीटरला मुली होत्या पाच. शर्यतीला लागतात फार तर चार मिनिटं. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मैदानावर फक्की मारून झाली होती. ट्रॅक तयार होता. शिट्टी माझ्या गळ्यात होती, घड्याळ माझ्या खिशात होतं. बाकीच्या चार मुलींपैकी तीन तर दोन शाळांच्या होत्या आणि त्या शाळा मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चौथीच्या सरांना एक फोन करायचा होता. तालुका हलवायची गरजच नव्हती.

ती आली नाही. तिच्या नावापुढे मी "गैरहजर" लिहिलं. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली. ती पुढे धावली की नाही, मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट शुक्रवारची, पुढच्याच वर्षीची.

सतरा वर्षांखालील मुलांची कबड्डी. गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस ठेवलेली. गुरुवारी दुपारी पाऊस आला. तुम्हाला आपला सप्टेंबर सांगायला नको. मैदानात पाणी साचलं, उरलेले सामने शुक्रवारवर गेले. मी गुडघ्यावर वही ठेवून नवीन वेळा टाकल्या. पहिला उपांत्य सामना बारा वाजता, दुसरा सव्वाला, अंतिम तीनला. दुसऱ्या सामन्यात एक संघ असा होता की बारा जणांत पाच मुसलमान, आणि त्यांचा मुख्य चढाईपटू त्यांतलाच. दहावीतला पोरगा.

साडेबाराला तो माझ्यासमोर उभा. "सर, जुम्मा आहे."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझाही जुम्मा होता. पण आजूबाजूला सहा शाळांचे सर उभे होते आणि मला वाटलं, आता मी वेळ बदलली तर म्हणतील, बघा, आपल्या लोकांसाठी बदलली. कुणी काही म्हटलं नव्हतं. कदाचित कुणी म्हटलंही नसतं. मीच घाबरलो. त्या मुलाला म्हणालो, "आज खेळा. अल्लाह माफ करेल."

तो म्हणाला, "सर, ते तुम्ही कसं सांगता?"

तिघं मशिदीत गेले, दोघं थांबले. राखीव खेळाडू उतरवून संघ खेळला आणि चार गुणांनी हरला. जे गेले त्यांना शाळेत ऐकावं लागलं, "तुमच्यामुळे हरलो." जे थांबले त्यांना मोहल्ल्यात ऐकावं लागलं. जिल्हा स्तरावर खेळला असता तर त्या चढाईपटूला दहावीच्या वाढीव गुणांची आशा होती. पुढे नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आपल्या राज्यात, त्याचा रस्ताही इथूनच, तालुक्याच्या चिखलातूनच सुरू होतो. आणि करायला काय हवं होतं? बाराचा सामना सव्वाला आणि सव्वाचा बाराला. कबड्डीचा डाव पंधरा मिनिटं, पाच मिनिटं विश्रांती, परत पंधरा. वाद झाला तरी पाऊण तास. बाराला सुरू केला असता तर पोरं हात-पाय धुऊन, वजू करून खुतब्याला बसली असती.

त्या रात्री मला झोप आली नाही. पोरगा आठवत होता, आणि नंतर आठवली ती मुलगी. आपल्या शुक्रवाराची सल लागल्यावर मला तिचा शनिवार कळला. हा क्रम उलटा असायला हवा होता, पण झाला असा.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री सुचली. गुरुवारी पाऊस आला तेव्हा मी अख्खं वेळापत्रक दहा मिनिटांत फिरवलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नियम म्हणजे नियम. गणपतीत स्पर्धा ठेवायची कुणाच्या मनातही येत नाही. आलीच तर पंच कुठून आणणार, निम्मे पंच आरतीला आणि निम्मे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आणायला स्टँडवर. शिमग्यात तीच गत. परीक्षा आली की बदल, मंत्र्यांचा दौरा आला की बदल, सावित्रीला पूर आला की बदल. हे सगळं बरोबरच आहे. गणपतीत आम्हा मुसलमान घरांतल्या पोरांनाही खेळायचं नसतं, मित्र नसतात तर कोणाशी खेळणार? माझं म्हणणं एवढंच की वेळापत्रक दगडावर कोरलेलं नव्हतं. मी ते दरवर्षी दहा कारणांसाठी पुसत होतो. अकराव्या कारणाला मात्र मला तत्त्व आठवलं.

मग मी जरा मागे जाऊन शोधलं की हा रविवार तरी आपल्याकडे आला कुठून. आपण तो सूर्यासारखा धरून चालतो. इंग्रजांच्या कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती, कारण त्यांना चर्चला जायचं होतं. पण मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुराला ती नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायांनीही भाषणं केली. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आता गंमत बघा. लोखंड्यांनी रविवार मागताना सांगितलेलं एक कारण म्हणजे रविवार हा खंडोबाचा वार. साहेबाच्या चर्चचा दिवस आमच्या खंडोबाचाही आहे, तेव्हा तोच द्या. पुढे १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली तेव्हा कामगारांत सलोखा टिकवायलाही हाच माणूस धावला.

म्हणजे आपला रविवार हा कुणाचा तरी धर्म, कुणाची तरी दमलेली पाठ आणि कुणाची तरी सहा वर्षांची लढाई यांतून आलेला आहे. तो 'कुठल्याच धर्माचा नाही' असा दिवस नव्हे. तो आपल्या सवयीचा झाला, इतकंच. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला, तो रविवार. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तोही रविवार. आणि त्या डिसेंबरच्या परिषदेला मांडव घालायला गावात कुणी जमीन देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने आपली जागा दिली, हे या भागात जुन्या माणसांना सांगायला नको. नव्या पोरांना सांगायला हवं.

वार पाळणं ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असंही कुणी समजू नये. देशावर अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, महादेवाचा वार म्हणून. आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग, रेवदंडा, नवगाव, पेण, रोहा या बाजूला बेने इस्रायल लोक शेकडो वर्षं राहिले. तेल गाळायचा धंदा. शनिवारी घाणा बंद. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते सोमवार तेली. आणि हे शनिवार तेली. गावाने त्यांची भाषा विचारली नाही, पोथी तपासली नाही. शनिवारी तेल मिळत नाही एवढं लक्षात ठेवलं आणि शुक्रवारी तेल नेलं. याच अलिबागकडच्या समाजातल्या हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. भायखळ्याला सर जेकब ससून हायस्कूल आहे, ज्यू लोकांनी काढलेलं. आज तिथे बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, अजून उभी आहेत. माणसं बहुतेक इस्रायलला गेली. आपल्या जिल्ह्याला शनिवार पाळणाऱ्यांबरोबर कसं राहायचं हे माहीत होतं आणि मी, त्याच जिल्ह्यातला पीटीचा सर, एका शनिवारवालीला म्हणालो की तालुका हलत नाही.

आता थोडं आपल्या घरातलं बोलतो. बाहेरच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

शुक्रवार हा आपला सब्बाथ नव्हे. ही गोष्ट आपल्यातलेच बरेच जण विसरतात. कुराणात जुम्म्याबद्दल जे सांगितलंय त्याचा आशय साधा आहे: हाक आली की व्यवहार थांबवा आणि या, नमाज संपली की पांगा आणि आपापल्या कामाला लागा. म्हणजे दिवसभर काम बंद असं काही नाही. आपल्याला लागतो तास, फार तर सव्वा तास. यहुदी माणसाला, अ‍ॅडव्हेंटिस्ट माणसाला लागतो सूर्यास्त ते सूर्यास्त. रविवार कडक पाळणाऱ्या ख्रिस्ती घराला लागतो रविवार. या गरजा एका मापाच्या नाहीत आणि त्यांना एकच माप लावणं हा अन्याय आहे, दोन्ही बाजूंनी. माझ्याकडे एक पालक आले होते, "शुक्रवारी स्पर्धाच नको" म्हणत. मी नाही म्हणालो. सकाळी दहाला लंगडी खेळून मुलाचा जुम्मा कसा बुडतो ते त्यांनी मला सांगावं. आपल्या बऱ्याच उर्दू शाळांत शुक्रवारी सकाळची शाळा असतेच, ती भरतेच ना?

शिवाय आपण कोकणी मुसलमान शाफई. प्रवासात असलेल्यावर जुम्मा बंधनकारक नाही, तो जोहर पढू शकतो, ही सवलत आहे. पण पोलादपूरहून महाडला जाणं म्हणजे प्रवास नव्हे, ते बाजारला जाणं. अलिबागला जिल्हा स्पर्धेला गेलात तर गोष्ट वेगळी. मी मौलवी नाही. ज्याला शंका आहे त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारावं. फक्त सामन्याच्या आदल्या आठवड्यात विचारावं, साडेबाराला मैदानावर नको. आणि एक विनंती सगळ्या सरांना: मुलगा पाळतो की नाही, किती पाळतो, बाकीचे चार दिवस मशिदीत दिसतो का, याची झडती घेऊ नका. एका सरांनी मला म्हटलं होतं, "हा तर एरवी कधी जात नाही." असेल. मीही एरवी रोज व्यायाम करत नाही, पण १५ ऑगस्टला कवायत घेतोच.

बाहेरच्या जगात काय होतं तेही बघू. अमेरिकेत टेक्सास राज्यात खासगी आणि धार्मिक शाळांची एक क्रीडा संघटना आहे. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या बेरेन अकादमी या यहुदी शाळेचा बास्केटबॉल संघ उपांत्य फेरीत पोचला. सामना ठेवला शुक्रवारी रात्री नऊला, म्हणजे सब्बाथ लागल्यावर. शाळा म्हणाली, दुपारी घ्या. समोरचा संघ तयार होता. संघटना म्हणाली, नाही. मजा अशी की हीच संघटना रविवारी सामने ठेवत नव्हती, ख्रिस्ती शाळांच्या श्रद्धेपोटी. पालक आणि खेळाडू न्यायालयात गेले, तेव्हा संघटना नरमली, सामना शुक्रवारी दुपारी झाला. बेरेन जिंकली, शनिवारी रात्री सब्बाथ सुटल्यावर अंतिम सामना खेळली आणि त्यात हरली. हरली ती मैदानात हरली. माझी पोरंही मैदानात हरली असती तर मी आज इथे हे बोलत नसतो.

याच संघटनेकडे त्याआधी दोन वर्षं ह्यूस्टनच्याच इमान अकादमी या मुसलमान शाळेने सभासदत्व मागितलं होतं. तिला धर्माबद्दल प्रश्नावली पाठवली, इस्लामबद्दल वाकडे प्रश्न विचारले आणि सभासदत्व नाकारलं. यहुदी शाळेच्या प्रकरणाने ही गोष्ट पुन्हा वर्तमानपत्रांत आली. हे मी मुद्दाम सांगतोय. दुसऱ्याच्या शनिवारासाठी दार उघडलं की आपल्यावर बंद झालेलं दारही लोकांना दिसतं.

दुसरं उदाहरण अलाबामातलं, २०२२ चं. ओकवूड अ‍ॅडव्हेंटिस्ट अकादमीचा उपांत्य सामना शनिवारी दुपारी साडेचारला, सूर्य मावळायला तासभर बाकी. त्यांनी विचारलं, संध्याकाळच्या सामन्याशी अदलाबदल करता का? बाकीचे संघ तयार होते. संघटना नाही म्हणाली. मुलांनी सामना सोडला. मग राज्याच्या गव्हर्नरांनी जाब विचारला आणि पुढे नियम बदलला. पण ज्या मुलांचं ते वर्ष होतं त्यांचं ते गेलं. हे वाचलं तेव्हा माझा सव्वाचा सामना मला तिथे दिसला. अदलाबदल, समोरचे तयार, फक्त वही ज्याच्या हातात तो तयार नाही.

आपल्या देशातही होतं. २०२३ मध्ये मिझोरमच्या विधानसभेची मतमोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. तो रविवार. तिथल्या लोकांनी सांगितलं, रविवारी आम्ही चर्चला असतो. निवडणूक आयोगाने मिझोरमपुरती मोजणी ४ डिसेंबरला, सोमवारी नेली. चार राज्यांची मोजणी ठरल्या दिवशी झाली, एकाची दुसऱ्या दिवशी. काही कोसळलं नाही. उलट उदाहरणही सांगतो. २०२४ मध्ये केरळचं लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला, शुक्रवारी आलं. तिथल्या मुसलमान संघटनांनी आणि मुस्लिम लीगने वार बदलायची मागणी केली. आयोगाने बदलला नाही. माझं मत विचाराल तर मला आयोगाचं पटलं. मतदान सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत होतं. अकरा तासांत एक तास नमाजचा काढता येतो. ज्या मतदान अधिकाऱ्यांना आणि पक्षाच्या एजंटांना दिवसभर बसावं लागतं त्यांची अडचण खरी होती, पण ती पाळीपाळीने सोडवता येते. जिथे तासाने भागतं तिथे दिवस मागू नये. मागितला की पुढच्या वेळी तासही मिळत नाही.

आता आम्ही नंतर काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही त्यासाठीच बोलावलंत.

जुलैमध्ये सगळ्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांची बैठक होते, प्रवेशिका वाटतात. त्या प्रवेशिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी एक ओळ छापून घेतली: "आठवड्यात कोणत्या वेळी खेळता येणार नाही?" धर्म विचारला नाही. जात विचारली नाही. कारणही विचारलं नाही. खाली पालकाची आणि क्रीडाशिक्षकाची सही. पहिल्या बैठकीत थोडी कुरकुर झाली, एक सर म्हणाले, आता प्रत्येक जण काहीतरी लिहील. मी म्हणालो, लिहू दे, बघू.

फॉर्म परत आले. बहुतेक कोरे. जुम्म्याचा तास लिहिणारे होते, अपेक्षेइतकेच. एका कुटुंबाने रविवार लिहिला होता. पण सगळ्यात जास्त काय लिहिलं होतं सांगू? "संध्याकाळी पाचनंतर नाही." आणि त्या सगळ्या मुली. शेवटची एसटी पाचला सुटते, ती चुकली की घाटात चालत जायचं. इतकी वर्षं मी मुलींचे अंतिम सामने सगळ्यात शेवटी ठेवत होतो, मुलांचे आधी उरकून. कितीतरी मुली उपांत्य सामना जिंकून अंतिम सामन्याला नव्हत्या आणि मी वहीत लिहीत होतो, गैरहजर, गैरहजर, पुढे चाल. मुली खेळात टिकत नाहीत असं मी एका सभेत म्हटल्याचंही आठवतं. एकाने लिहिलं होतं, "सकाळी आठपर्यंत दूध घालतो." एकाने आईला दवाखान्यात न्यायचा वार लिहिला होता.

म्हणजे एका जुम्म्यासाठी प्रश्न विचारायला गेलो आणि उत्तर आलं एसटीचं. मुलींचे सामने सकाळच्या सत्रात नेले. शुक्रवारी साडेबारा ते दोन सगळ्यांनाच जेवणाची सुट्टी केली, नावच जेवणाची सुट्टी. ज्याला मशिदीत जायचं तो जातो, बाकीचे वडापाव खातात, पंच सावलीत आडवे होतात. पंचांनी सगळ्यात आधी पाठिंबा दिला या सुधारणेला, हेही नमूद करतो.

नियम दोनच ठेवले. एक, जे काही सांगायचं ते ड्रॉ पडायच्या आधी. ड्रॉ पडल्यावर वेळ बदलायची तर दोन्ही संघांची संमती हवी, नाहीतर उद्या बलाढ्य संघ समोर आला की कुणाला तरी अचानक उपास आठवेल. दोन, वेळापत्रक किमान तीन आठवडे आधी शाळेच्या फळ्यावर. हे दुसरं मला एरिक लिडेलवरून सुचलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा स्कॉटिश धावपटू शंभर मीटरला उतरला नाही, कारण तिच्या पहिल्या फेऱ्या रविवारी होत्या. लोकांना वाटतं त्याने आयत्या वेळी नकार दिला. तसं नव्हतं. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं, तेवढ्यात त्याने चारशे मीटरचा सराव केला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. आयोजकांनी त्याच्यासाठी काही बदललं नव्हतं. पण आधी कळलं, म्हणून त्याला वाट काढता आली. आमच्या पोराला साडेबाराला कळलं होतं.

सगळं जमलं असं मुळीच नाही. पावसाने एक दिवस खाल्ला की दीडची सुट्टी पाऊण तासावर यायची आणि कुणीतरी नाराज व्हायचं. जिल्ह्याच्या पुढे गेलं की आमच्या फॉर्मला कोणी विचारत नसे. तिथे शंभर शाळा, चार मैदानं, त्यांचीही ओढाताण मी पाहिली आहे. शनिवार पाळणारी मुलगी विभागीय स्पर्धेत गेली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिची एकटीची शर्यत आदल्या दिवशी घेऊन वेळ नोंदवायची म्हटलं तर बाकीच्या म्हणतील, वारा वेगळा, ऊन वेगळं. खरंच आहे ते. काही वेळा पाळणाऱ्यालाच सोडून द्यावं लागेल. पण विचारून, प्रयत्न करून आणि कागदावर "गैरहजर" न लिहिता. आम्ही नंतर वेगळा शब्द घेतला, "वेळेअभावी सहभाग नाही". फार सुंदर शब्द नाही. सरकारी वाटतो. पण खोटा नाही.

मला विचारतात, सर, आताच्या दिवसांत हे काढायचं कशाला, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येईल. भीती मला कळते, मी तिच्यापायीच एक सामना बिघडवलाय. म्हणूनच मी म्हणतो, ती ओळ "मुसलमान मुलांची सोय" म्हणून छापू नका. ती सगळ्या मुलांसाठी छापा आणि सगळ्या मुलांची उत्तरं वाचा. बैठकीला आपल्यातले चार जण जाणार असतील तर जुम्म्याचं बोलायच्या आधी एसटीचं बोला. वाडीतल्या मुलीचं बोला. आणि उद्या एखादं शनिवारवालं कुटुंब परत इथे आलं तर त्यांच्या बाजूने पहिला हात आपल्यातल्या कुणीतरी वर करा.

तो चढाईपटू मला गेल्या वर्षी महाडच्या स्टँडवर भेटला. आता टेम्पो चालवतो, मुलगा पाचवीत आहे. मी विषय काढला, माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "सर, त्या दिवशी नमाजमध्ये मी सगळा वेळ मॅचचाच विचार करत होतो." मग मुलाचा फोटो दाखवला. पोरगा खो-खो खेळतो.

फॉर्मच्या पन्नास झेरॉक्स आणल्यात, मागच्या बाकावर ठेवल्यात. मजकूर आवडला नाही तर आपला लिहा, ओळ तेवढी ठेवा. माझी पाचची एसटी आहे. प्रश्न असतील तर रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत या, तिथे बोलू.